दीड वीत

अण्णा, त्या रविवारी सकाळी तुमच्या नंबरावरून तीनदा फोन आला आणि तिन्ही वेळा मी तो उचलला नाही. मोबाईल ओट्यावर होता, मी भाकरी थापत होते, हात पिठाचे होते. पण हे काही कारण नव्हे. हात पुसायला असा कितीसा वेळ लागतो? मला वाटलं, तुम्ही पुन्हा तेच विचारणार, "पोरी, लिहिलंस का?" आणि मी लिहिलेलं नव्हतं. चौथ्यांदा वाजला तेव्हा वैतागून उचलला, तर पलीकडे काकू होत्या. "वैशाली, आमचं ह्ये गेलं गं," एवढंच म्हणाल्या.

आज शनिवार. संध्याकाळी पाच वाजता आपल्या मैदानावर तुमची शोकसभा आहे. खुर्च्या सांगितल्यात, तुमचा फोटो मोठा करून आणलाय. फोटोत तुम्ही फौजेतली टोपी घातलीय आणि कधी नव्हे तो गंभीर चेहरा केलाय. ओळखू येत नाही तुम्ही. अध्यक्ष मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यांच्या शाळेतल्या. तुम्हीच लिहून आणा आणि वाचा. पहिल्याच हंगामात क्लब लीगमध्ये टिकला, त्याच्यामागं अण्णांचं मैदान होतं, असं येऊ द्या." येईल ते. ते खरंच आहे. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट येणार आहे आणि ती अध्यक्षांना अजून माहीत नाही. सकाळपासून माझ्या पोटात गोळा आलाय.

तुम्ही असता तर म्हणाला असता, गोळा आला तर मैदानाला दोन फेऱ्या मार. प्रत्येक दुखण्यावर तुमचं एकच औषध. रहिमतपूरच्या शाळेत तुम्ही फौजेतून येऊन शिपाई म्हणून लागलात तेव्हा मी सातवीत होते. मुलींनी लंगडी खेळायची आणि मुलांनी फुटबॉल, अशी वाटणी होती. मी कुंपणाला टेकून मुलांचा खेळ बघत उभी असायची. आठ दिवस तुम्ही मला बघितलंत आणि नवव्या दिवशी चेंडू माझ्या अंगावर टाकलात. "ह्या गड्यांच्यात खेळ जा. पडलीस तरी चालंल, रडलीस तर बाहीर." मी पडले, गुडघा फुटला, रडले नाही. पुढचं सगळं त्या एका चेंडूमागे धावत आलंय. शिक्षण, सर्टिफिकेटं, शेवटी या क्लबची टीम मॅनेजर. लीगमधली एकटी बाई मॅनेजर. बैठकीला गेले की चहा मागतात माझ्याकडे लोक. तुम्हाला हे सांगितलं की तुम्ही म्हणायचात, "मग दे की. आन् मग त्यास्नी हरव."

सातारा आणि सांगली मिळून एक क्लब आणि तो व्यावसायिक लीगमध्ये उतरणार, म्हटल्यावर कोल्हापूरकर काय हसले होते, आठवतंय? फुटबॉल म्हणजे त्यांचं घरचं दुभतं. "सांगलीकरांनी हळद विकावी, सातारकरांनी फौजेत जावं, फुटबॉल आमच्याकडं ठेवा." मला राग यायचा. तुम्ही म्हणायचात, हसतील त्यांचे दात दिसतील. मैदान करायला माणूस हवा होता तेव्हा मी अध्यक्षांना तुमचं नाव दिलं. निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, तरी तुम्ही पिशवीत दोन धोतरं, एक स्वेटर आणि ती तुमची दोरी घालून पॅसेंजरनं सांगलीला आलात. मैदानावरच्या प्रेक्षकांच्या स्टँडखालच्या खोलीत राहिलात. नदीच्या बाजूला उभं राहून मैदानाकडे बघितलंत आणि म्हणालात, "जलमभर रानातली हरळी उपटली. आता म्हातारपनी हिला खत घालायचं व्हय?"

पण घातलंत. अशी हरळी वाढवलीत की पाहुण्या संघातली पोरं बूट काढून चालून बघायची.

आणि ती दोरी. जाड, सुती, शाळेपासून तुमच्याजवळ असलेली. तिला गाठी, प्रत्येक गाठीला रंगाची चिंधी. लाल चिंधी म्हणजे पेनल्टीचा ठिपका. गोलरेषेच्या मधोमध खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, लाल गाठ येईल तिथं चुन्याच्या फक्कीचा ठिपका. मी हसायची. "अण्णा, ही प्रोफेशनल लीग आहे, जत्रेतली कुस्ती नाही." क्लबच्या खर्चानं मी पन्नास मीटरची टेप आणली. तुम्ही महिनाभर तिच्याकडे सवतीसारखं बघितलंत. दोरी मोजून दाखवलीत, टेप शेजारी ठेवून दाखवलीत, बोटभरही फरक नाही हे सिद्ध केलंत. मी ऐकलं नाही. शेवटी एक दिवस तुम्हीच टेप गळ्यात अडकवून आलात. "घे बाई, तुजी शिस्त." तेव्हापासून दोरी नुसती गोलपोस्टच्या मागच्या हुकाला लटकत राहिली, दारावरच्या लिंबूमिरचीसारखी. हे भांडण मी जिंकले होते, अण्णा. ते जिंकले नसते तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

हंगाम कसा गेला ते मी तुम्हाला काय सांगू. पहिले पाच सामने सलग हरलो. मग पोरं सावरली. एकदा बरोबरी, एकदा विजय, पुन्हा दोनदा हार. तळातले दोन संघ लीगबाहेर जाणार होते आणि आपण सतत त्या रेषेवर, एक पाय आत, एक पाय बाहेर. शेवटचा सामना रविवारी, घरच्या मैदानावर, कोल्हापूरच्याच संघाशी. आपण जिंकलो तर आपण राहणार आणि ते जाणार. बरोबरी झाली तरी आपण जाणार. इतकं साधं आणि इतकं भयंकर गणित होतं.

त्या सकाळी मॅच कमिशनर मैदान बघायला आला. साखर कारखान्याकडच्या बाजूला बूट आपटून म्हणाला, ही बाजू टणक आहे, पाणी मारा, नाहीतर मला लिहावं लागेल. आधीच दोन ताकिदी होत्या आपल्याला. मी तुम्हाला ओरडून सांगितलं, "अण्णा, रेनगन लावा!" ती रेनगन तुमच्या मेव्हण्याच्या उसाच्या फडातली. फडाला पाणी द्यायची तोफ ती, तिला लॉनचा लाड काय माहीत? अर्ध्या तासात तिनं ती बाजू भिजवली, आदल्या संध्याकाळी टेपनं मोजून मारलेली फक्की धुऊन काढली, गोलपोस्ट भिजवला आणि पोस्टच्या मागं लटकणारी दोरीही.

रेषा फिरून ओढता आल्या, त्यांच्या खुणा गवतात होत्या. पेनल्टीचा ठिपका मात्र पार गेला होता. तुम्ही माझ्याकडे आलात. माझ्या एका कानाला फोन, दुसऱ्या हातात संघाची यादी, समोर अध्यक्ष.

"पोरी, टेप कुटं हाय?"

"ऑफिसात असेल, अण्णा."

"तितं न्हाई. मी बगितलं."

"मग तुमची दोरी आहे की! वर्षभर तिचंच कौतुक सांगत होता ना?"

असं म्हणाले मी. माणसं ऐकत होती. तुम्ही वळलात. जाऊन हुकावरची दोरी काढलीत, झटकलीत, खुंटी ठोकलीत. मी पुढच्या फोनला लागले.

सामना आठवायची मला भीती वाटते. ऐंशी मिनिटं शून्य शून्य. पोरांच्या पायात गोळे आलेले. आटपाडीचा आपला गोली दोनदा असा पडून चेंडूवर झेपावला की मला वाटलं आता हा उठत नाही. आणि मग कारखान्याकडच्या बाजूला त्यांच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. शिट्टी. पेनल्टी. सगळं स्टँड उभं राहिलं आणि दुसऱ्या क्षणी गप्प झालं. आसिफनं चेंडू ठिपक्यावर ठेवला. कॅप्टन आपला, मिरजेचा, शांत पोरगा, पण त्याचे खांदे कानापर्यंत चढलेले मला लांबून दिसत होते. मला बघवेना. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ उभे, ती दोरी खांद्यावर, डोळे मिटलेले. मी आसिफचा फटका बघितलाच नाही. मी तुमचा चेहरा बघितला आणि आवाज ऐकला. नंतर कळलं की त्यांच्या गोलीची बोटं चेंडूला लागली होती. नुसती लागली. चेंडू बोटांना चाटून आत गेला.

आपण राहिलो. कोल्हापूर गेलं. पोरांनी तुम्हाला उचललं, गुलाल टाकला, तुम्ही खाली उतरवा म्हणून शिव्या देत होता. त्या संध्याकाळी मी तुमच्या पाया पडले तर म्हणालात, "माज्या न्हाई, हरळीच्या पड." इतकं हसलो आपण. तो शेवटचा हसण्याचा दिवस.

सोमवारी सकाळी तुमचा फोन आला. "मैदानावर ये. एकटी ये."

दोरी रात्रभर वाळली होती. तुम्ही ती सवयीनं पुन्हा हुकाला लावायला गेलात आणि मनात काय आलं कुणास ठाऊक, खुंटीला अडकवून ताणून बघितलीत. लाल गाठ ठिपक्याच्या पुढे जात होती. मला वाटलं तुम्ही जरा जास्तच ताणलीत. मी ताणली. तरी पुढेच.

"वलं सूत आकसतं," तुम्ही म्हणालात. आवाज अगदी सपाट होता. "चाळीस वरसं दोरी वापरली. भिजली की वाळवायची, मग मापायची, ह्ये पोराटोरांना शिकवलं. आन् काल मीच इसरलो."

"थांबा, टेप बघते," म्हणून मी पळाले. ऑफिसकडे नाही, गाडीकडे. कारण पळता पळताच मला आठवलं होतं. शनिवारी रात्री, ठिपके घालून झाल्यावर, शेवटच्या सामन्याचा बॅनर मोजायला मीच टेप नेली होती. स्कूटरची डिकी उघडली तर बॅनरच्या सुतळीखाली ती होती. सामन्याच्या दिवशी तुमच्यापासून पन्नास पावलांवर. मी ती घेऊन आले आणि म्हणाले, "सापडली. ऑफिसातच होती, कपाटामागं."

तुम्ही टेपकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मग म्हणालात, "धर टोक."

अकरा मीटरच्या जागी दहा मीटर सदुसष्ट. तुम्ही वाकून त्या फरकावर हाताची वीत ठेवलीत, मग अर्धी आणखी. नदीकडच्या बाजूला गेलो, तिथं शनिवारचा ठिपका होता, टेपनं घातलेला. बरोबर अकरा. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला दीड वीत कमी, आणि आपला गोल त्या कमी बाजूचा.

"लीगला कळवायचं," तुम्ही म्हणालात. जणू पाण्याचं बिल आलंय.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, अण्णा, आणि ते अजून संपलेलं नाही. मी म्हणाले, रेफरीनं बघितलं, कमिशनरनं बघितलं, कुणाला दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, "त्यास्नी दिसलं न्हाई. मला दिसलं." मी म्हणाले, दोन्ही संघ दोन्ही बाजूंनी खेळले, त्यांना त्या बाजूला पेनल्टी मिळाली असती तर त्यांनाही जवळच पडली असती. "पर मिळाली न्हाई न्हवं? मग सारकं कसं?" मी म्हणाले, महिनाअखेरीला लीगच्या बैठकीत गुणतक्ता मंजूर होणार, त्याआधी असलं पत्र गेलं तर क्लब संपला. पोरांचे करार जातील. गोलीचं लग्न या नोकरीवर ठरलंय. आसिफला दुसरं काय येतं? तुम्ही टेप गुंडाळलीत. मग म्हणालात, "फौजेत रेंजवर टारगेट दोन पावलं फुडं आणून नेम मारला, तर मेडल देत न्हाईत. पिट्टू देत्यात. पाठीवर बोजा, आन् पळ." मी म्हणाले ही फौज नाही. "व्हय," तुम्ही म्हणालात, "फौज आसती तर मी तुला इचारलंच नसतं."

मला पोरांची काळजी होती हे खरं. पण अर्धंच. उरलेलं अर्धं आज सांगते. चौकशी झाली असती तर पहिला प्रश्न आला असता, टेप असताना दोरी का वापरली? टेप कुठे होती? आणि मग लीगमधली एकटी बाई मॅनेजर डिकीत टेप विसरते, हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं असतं. मी भ्याले. पोरांच्या आड लपले.

तुमचं इंग्रजी लेफ्ट राइटपुरतं, म्हणून पत्र मी लिहायचं ठरलं. म्हणजे तुम्ही ठरवलंत. मी "लिहिते" म्हणाले. मंगळवारी सकाळी चहाला तुम्ही विचारलंत, "लिहिलंस का?" बुधवारी विचारलंत. गुरुवारी. पुढचा आठवडा गेला. बारा दिवस, बारा वेळा, एकदाही आवाज न चढवता. चढवला असतात तर मला भांडता आलं असतं. मधे एकदा मी अध्यक्षांना आडून विचारलं, समजा मैदानात काही उणं निघालं तर? ते चाणाक्ष आहेत. म्हणाले, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि असलं काही असलं तर मला सांगूच नका." मी हे तुम्हाला मोठ्या उमेदीनं सांगितलं. तुम्ही हरळीतला एक दगड उचलून खिशात टाकलात. "कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई, पोरी."

दुसऱ्या शनिवारी सकाळी मी तुम्हाला स्टेशनवर सोडायला आले. पॅसेंजर लागलेली होती. पिशवीत दोरी होती, तिचं लाल चिंधीचं टोक बाहेर आलेलं. मी विचारलं, ही कशाला नेताय? "घरी काम हाय तिचं." खिडकीत बसलात आणि पुन्हा तेच, "सोमवारी येतो. तवर लिही."

"लिहिते म्हटलं ना अण्णा! किती वेळा तेच तेच!"

डब्यातली माणसं बघायला लागली. तुम्ही मान हलवलीत. गाडी हलली. हे आपलं शेवटचं बोलणं. शाळेत चेंडू माझ्या अंगावर टाकणाऱ्या माणसाशी मी शेवटचं हे बोलले.

तिसऱ्या दिवशी, सावडण्याला, मी रहिमतपूरला आले. सगळं उरकल्यावर काकूंनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथं दोन खुंट्या ठोकलेल्या होत्या. एका खुंटीला दोरी, आणि दुसऱ्या खुंटीजवळ जमिनीवर चुन्याच्या लहान लहान खुणा.

"शनवारी आल्यापासनं ह्येच," काकू म्हणाल्या. "बादलीत दोरी बुडवायची, मापायची, उनात टाकायची, वाळंल तशी घडीघडीला पुन्ना मापायची. मी म्हनलं, आवं डोकं फिरलं का काय? तर म्हनले, किती आकसती ते नीट बगून ठेवतो. पोरगी लिवंल तवा आकडा बराबर पायजे." रविवारी सकाळी उठून त्यांनी पुन्हा दोरी भिजवली. ओढताना छातीत कळ आली. खाली बसले ते बसलेच.

मी त्या खुणांकडे बघत उभी राहिले. आठ खुणा होत्या. मला वाटलं, मी तेव्हाच लिहिलं असतं तर हा माणूस आज गोठ्याजवळ उन्हात बसून तंबाखू मळत असता. काकूंना मी हे म्हणाले. त्यांनी डोळे पुसले आणि जरा रागानंच म्हणाल्या, "तसं मनात आनू नगं. त्यांचं हृदय दोन वरसांपासनं बिगडलं हुतं. तुला सांगू नगं म्हनले हुते, तू सांगलीस्नं घरी धाडशील म्हनून." मग म्हणाल्या, "आन् आणिक एक. टेप तुज्या गाडीत हुती, व्हय ना?"

मी मान खाली घातली.

"त्यास्नी त्याच दिवशी कळलं हुतं. म्हनले, टेपला बॅनरची सुतळी अडकली हुती. मी म्हनलं, मग इचारलं का न्हाई तिला? तर म्हनले, ती सांगंल. पत्रात माजं एकट्याचं नाव घालू म्हनंल तर घालू दे. पर ती तसं म्हनायची न्हाई. लहानपनापासनं बगतोय मी तिला."

अण्णा, तुम्ही चुकलात. मी तसंच म्हणणार होते. मनातल्या मनात पत्राचा मसुदा मी शंभर वेळा केला होता आणि प्रत्येक मसुद्यात मैदानाची देखभाल करणाऱ्या वयस्कर कर्मचाऱ्याकडून अनवधानानं, असंच वाक्य होतं. माझ्याबद्दल तुमचा अंदाज एवढा चांगला होता हे कळल्यावर मला रडू आलं. पडले तर चालेल, रडले तर बाहेर. मी अंगणाबाहेर जाऊन रडले.

गुरुवारी मी आसिफला मैदानावर बोलावलं. त्याला आधी सांगायला हवं होतं, गोल त्याचा होता. मी सगळं सांगितलं, दोरी, डिकी, दीड वीत. तो जुन्या ठिपक्याकडे गेला. मी टेपनं खरा ठिपका दाखवला, तिथं जाऊन उभा राहिला. मग पुन्हा जुन्यावर. असं दोनतीनदा केलं.

"मॅडम, दीड वीत मागनंबी ग्येला आसता," तो म्हणाला. मग गोलपोस्टकडे बघत राहिला. "ग्येला आसता न्हवं?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "पर आता कुनाला म्हाईत?"

तेव्हा मला तुमचं म्हणणं कळलं, अण्णा. बारा दिवस तुम्ही मला नियमाचं सांगताय असं वाटत होतं. मी आसिफची नोकरी वाचवत होते आणि तुम्ही त्याचा गोल. आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल त्यानं मारलाय आणि तो आपला आहे की नाही हेच त्याला कधी कळणार नाही. त्यांच्या गोलीलाही कळणार नाही. त्याची बोटं चेंडूला लागली होती. तोही घरी बसून रोज तो चेंडू अडवत असेल.

जाताना आसिफ म्हणाला, "पाठवा मॅडम. पोरास्नी मी बगतो." मग गेटपाशी थांबून, "अण्णांनी दोरी वाळवायला पायजे हुती गड्या," असं म्हणून हसला आणि लगेच तोंड फिरवलं.

काल दुपारी पत्र गेलं. दोन पानं आहेत. मापं आहेत, फोटो आहेत, तुमच्या अंगणातल्या आठ खुणांचे आकडेही आहेत. काय होईल माहीत नाही. लीग सामना पुन्हा खेळवेल, किंवा गुण काढून घेईल, किंवा आता काही करता येत नाही म्हणून कळवेल. अध्यक्षांना आज पाच वाजता, हे वाचताना, सगळ्यांबरोबर कळेल. त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, म्हणून आधी सांगितलं नाही. तेवढी शिस्त पाळली. समोर बसलेल्यांपैकी काही उठून जातील. काही मला शिव्या देतील. माझी मॅनेजरकी बहुधा आज संध्याकाळीच संपेल. मी मैदानाला दोन फेऱ्या मारूनही पोटातला गोळा गेलेला नाही. तुमचं औषध लागू पडत नाही, हे एक तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

सकाळी मी दोन्हीकडचे ठिपके पुसून नवे घातले. सामना नाही, काही नाही, तरी घातले. टेपचं एक टोक आसिफनं धरलं. हरळी तुमच्याशिवाय आठवडाभरात माजलीय, कापायला हवी. काकूंनी दोरी मला दिलीय. ती मी पुन्हा त्याच हुकाला लावलीय, कोरडी.

मघाशी खुर्च्या लावणाऱ्यानं तुमचा फोटो टेबलावर उभा केला. तो गंभीर चेहरा बघून मला उगीच वाटलं, आता विचाराल.

लिहिलं, अण्णा. टेपसकट.